क्लच पेडल : ओके

गाडीच्या कामांत ऑइल बदलण्याइतकं सोपं काम दुसरं नसेल. चेंबरचा नट काढायचा, काळं ऑइल निथळू द्यायचं, फिल्टर बदलायचा, नट परत लावायचा, वरून नवं ऑइल ओतायचं आणि काडी काढून बघायची. गणित म्हणाल तर एवढंच, की मापात भरायचं. गॅरेजात नव्याने लागलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात हे काम देतात. इतकं सोपं काम बिघडवायचं तर एकट्यादुकट्याचा निष्काळजीपणा पुरत नाही. त्याला व्यवस्था लागते.

अशी एक व्यवस्था मी नुकतीच जवळून पाहिली. वातानुकूलित होती. कॉफीही बरी होती.

अधिकृत सर्व्हिस सेंटरात आता मेस्त्री भेटत नाही. काचेपलीकडे निळ्या कपड्यांत काही हालचाल दिसते, ते मेस्त्री असावेत असा कयास करायचा. आपल्याशी बोलतो तो सर्व्हिस ॲडव्हायझर. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, तोंडात 'सर'. त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घालून ओरखड्यांचे फोटो काढले. दाराचा, बंपरचा, आरशाचा. 'हा ओरखडा तुम्ही पाडलात' असं उद्या मी म्हणू नये म्हणून. गाडी ताब्यात घेण्याआधीच त्यांची खटल्याची तयारी पूर्ण होती. माझी अजून सुरूही झाली नव्हती.

मग यादी निघाली. "सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करून घेऊ? एसी डिसइन्फेक्शन? पावसाळा येतोय, अंडरबॉडी कोटिंग मारून टाकू? हेडलाइट पिवळट दिसतायत, पॉलिश? इंजिन ड्रेसिंग?" इंजिन ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखालच्या प्लॅस्टिकवर आणि रबरी नळ्यांवर मारायचा चकाकीचा फवारा. याने इंजिनाचं काय भलं होतं, असं मी विचारलं. "सर, लुक येतो." बॉनेटच्या आत. तिथे कोण येणार आहे बघायला?

ऑइलबद्दल एकच प्रश्न झाला. "सिंथेटिक टाकायचं ना, सर?" मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच टाका, असं म्हटल्यावर तो थबकला. टॅबमध्ये 'हो' आणि 'नाही' एवढेच पर्याय होते. मॅन्युअल वाचणाऱ्या गिऱ्हाइकाची सोय नव्हती. त्याने 'हो' दाबलं.

या धंद्याचं एक कौतुक मात्र केलंच पाहिजे. 'मोफत सर्व्हिस' या दोन शब्दांवर बिल करता येतं, हे त्यांनी आख्ख्या देशाला शिकवलं. नव्या गाडीच्या पहिल्या काही सर्व्हिस मोफत असतात. मोफत ती मजुरी. ऑइलचे पैसे, फिल्टरचे पैसे, 'कन्झ्युमेबल्स' नावाच्या अज्ञात वस्तूंचे पैसे, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. मोफत सर्व्हिस करून आलेला माणूस घरी बायकोला रक्कम सांगताना आवाज बारीक करतो. माझी मोफतची वर्षं कधीच संपली. ही वार्षिक फेरी होती. कंपनीचा नियम १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. पुण्याच्या रहदारीत वर्षच आधी होतं.

संध्याकाळी गाडी मिळाली ती लखलखीत. सीटवर प्लॅस्टिक, स्टिअरिंगवर प्लॅस्टिक, पायाखाली कागद. काचेवर पुढच्या सर्व्हिसच्या किलोमीटरचा स्टिकर, अगदी अचूक. सुगंधाची एक छोटी बाटली भेट. बिलात ऑइल ३.५ लिटर, फिल्टर एक, आणि सोबत जॉब कार्डाची प्रत, तिच्यावर तपासणीची लांबच लांब यादी. सगळ्या चौकटींत 'ओके'. पहिल्या चौकटीत बरोबरची खूण होती आणि तिचीच शेपटी पार खालपर्यंत ओढलेली. ब्रेक, वायपर, हॉर्न, ऑइल लेव्हल, लीकेज, सगळं त्या एका शेपटीत आलं. त्यातच एक ओळ होती : 'क्लच पेडल फ्री प्ले'. ओके.

माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला क्लचचं पेडल नाही.

हा कागद मी फ्रेम करणार आहे. नसलेला भाग तपासून तो योग्य असल्याचा निर्वाळा देणं, ही साधी गोष्ट नव्हे. सरकारी खात्यांना हे जमायला पिढ्या लागल्या.

आमच्या सोसायटीच्या पार्किंगला गेल्याच वर्षी नव्या फरश्या बसल्या आहेत. त्यांचा रंग कोणता असावा यावर सर्वसाधारण सभा झाली होती, आणि ज्या फिकट रंगाला सेक्रेटरीकाकांनी पाठिंबा दिला होता तो रंग निवडून आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. फिकट फरशी, मधोमध बशीएवढा काळा डाग, कोपऱ्यात माझ्या गाडीचं चाक. खाली काकांचा मजकूर : 'ऑइल गळणाऱ्या सभासदांनी त्वरित दुरुस्ती करून घ्यावी.' तिघांनी अंगठा दाखवला. एकाने हात जोडले.

गळणारा सभासद खाली गेला. गाडी रात्रभर सपाटीवर उभी, इंजिन गार. काडी बघायला याहून चांगली वेळ नसते. काडी काढली, फडक्याने पुसली, पूर्ण आत घातली, पुन्हा काढली. काडीच्या टोकाला दोन खुणा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. ऑइल या दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी असावं, अशी निर्मात्याची नम्र अपेक्षा. माझ्या काडीवर ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर होतं. मधासारखं सोनेरी, पारदर्शक, नवंकोरं. लीटरभर तरी जादा.

म्हणजे खालून गळत होतं आणि वरून उतू जाईल इतकं भरलेलं होतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. आणखी थोडे दिवस कळ काढली असती तर गळून गळून पातळी बरोब्बर खुणेवर आली असती, आणि त्या एका दिवसापुरतं जॉब कार्ड खरं ठरलं असतं.

जास्त भरलं तर काय बिघडलं, पैसे तर तेवढेच घेतले, असा प्रश्न सेक्रेटरीकाकांनीही विचारला. खुणेच्या केसभर वर असेल तर काही बिघडत नाही. पण लीटरभर जादा झालं की पातळी क्रँकशाफ्टपर्यंत पोचते, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारा तो दांडा, रवीने ताक घुसळावं तसं ऑइल घुसळतो. फेस होतो. पंपाला ऑइल हवं असतं, मिळतो फेस. फेस दाबला जातो, त्यामुळे बेअरिंगपर्यंत हवा तेवढा दाब पोचत नाही. म्हणजे ऑइल जास्त असूनही इंजिन कोरडं. शिवाय जादाचं ऑइल सील ढकलून बाहेर वाट शोधतं, ब्रीदरमधून हवेच्या वाटेवर जातं, जळतं, मागून निळसर धूर काढतं, आणि पुढे जाऊन महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं. डॅशबोर्डवरचा तो लाल ऑइलच्या बुधलीचा दिवा या सगळ्यात गप्प असतो. तो ऑइल किती आहे हे सांगत नाही, दाब पडला की बोंब मारतो. तो पेटेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

मी फोन केला. आधी एका मुलीच्या आवाजातल्या यंत्राने माझं स्वागत केलं, मग ॲडव्हायझर आला.

"सर, आमच्याकडून गेली तेव्हा व्यवस्थित होती."

हे वाक्य या धंद्याचा बीजमंत्र आहे. दीक्षा देतानाच कानात सांगत असावेत. गेली तेव्हा व्यवस्थित होती, आता गळतेय, म्हणजे बिघाड तिने रस्त्यात, स्वतःच्या जबाबदारीवर केला.

"सर, एसीचं पाणी असेल."

"काळं आहे."

"धूळ मिसळते, सर."

"बोटांना चिकटतंय. वास ऑइलचा आहे."

"सर, अंडरबॉडी कोटिंग केलं असतं तर…"

वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. मीही करू दिलं नाही. मी काडीचा फोटो पाठवला. तो पाहिल्याच्या दोन निळ्या रेघा आल्या आणि बराच वेळ त्यापलीकडे काही आलं नाही. मग आलं : 'सर गाडी घेऊन या चेक करून देतो.' गाडी मी चालवत आणणार नाही, तुम्ही न्या, असं मी कळवलं. फुकट उचलून न्यायची गाडी मिळवण्यासाठी जी भाषा वापरावी लागली, ती या सदरात बसणार नाही.

लिफ्टवर गाडी वर गेल्यावर खाली जमाव जमला. ॲडव्हायझर, फ्लोअर सुपरवायझर, वर्क्स मॅनेजर, आणि मागे उभा असलेला एक पोरगा, ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि जो कुणाकडे बघत नव्हता. मला आत यायला बंदी होती. 'ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी.' गाडीच्या सुरक्षिततेबद्दल पाटीवर काही नव्हतं. मी आत गेलो.

वर बघितलं. चेंबरच्या नटाखाली एक थेंब लोंबत होता. नटाला एक वायसर असतो, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा, पातळ चकती. नट आवळला की ती चेपते आणि फट बंद करते. एकदा चेपली की तिचं काम संपलं, दर खेपेला नवी घालायची. दहा-वीस रुपयांची वस्तू. इथे जुनीच होती, आणि उलटी बसवल्यामुळे तिच्यावर आधीच्या नटाचा ठसा स्पष्ट दिसत होता. नट हाताला सैल लागेल इतका सैल नव्हता. पण आवळलेलाही नव्हता. कुणीतरी तो अर्धवट लावून दुसऱ्या हाकेला ओ द्यायला गेला होता आणि परत आला नव्हता.

भिंतीवर टॉर्क रेंच टांगलेला होता. नट किती आवळायचा याचा आकडा ठरलेला असतो. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि मग चेंबरच बदलण्याच्या गोष्टी सुरू होतात. तो आकडा हाताने कळत नाही, म्हणून हा रेंच. त्याच्यामागे भिंतीवर त्याच्याच आकाराची बाह्यरेषा रंगवली होती, कामावर नेला तर रिकामी जागा लगेच दिसावी म्हणून. रेषा रेंचवरच्या धुळीशी तंतोतंत जुळत होती.

जादा ऑइलचा उलगडा मॅनेजरने केला, आणि केला तो अभिमानाने. त्यांच्याकडे ऑइल डब्यातून ओतत नाहीत. बाहेर २१० लिटरचे ड्रम, तिथून नळी आत, नळीला बंदूक, बंदुकीला डिजिटल मीटर. आकडा टाकायचा, घोडा दाबायचा, तेवढं पडलं की आपोआप बंद. "ह्यूमन एररच नाही, सर." माझ्या आधी गाडी चढवायच्या त्याच जागेवर, म्हणजे 'बे'वर, एक मोठी डिझेल गाडी होती. आकडा तिचा राहिला. बंदुकीने अचूक माप टाकलं. फक्त दुसऱ्या गाडीचं.

मग तो ऐतिहासिक उद्गार आला : "सर, मुलगा नवीन आहे."

सगळ्यांनी आता त्या पोराकडे बघितलं. तो आणखी मागे सरकला. आयटीआय करून आलेला, मिसरूडही धड न फुटलेला. त्याच्यावर ओरडायला मला तयार व्यासपीठ दिलं होतं, श्रोतेही जमले होते. मी ओरडलो नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. त्याच्या बेवर सकाळपासून किती गाड्या चढल्या, हे समोरच्या फळ्यावर लिहिलेलं होतं. त्या पोराला मिनिटं मोजून दिलेली असतात. ॲडव्हायझरला टार्गेट असतं ते कोटिंगचं, पॉलिशचं, ड्रेसिंगचं. त्यांच्या भाषेत 'व्हॅल्यू ॲडेड'. त्यावर इन्सेंटिव्ह मिळतो. नट आवळण्यावर इन्सेंटिव्ह नाही. सुपरवायझरच्या खुणेची शेपटी लांब होते ती त्यालाही अशाच शंभर चौकटी संध्याकाळपर्यंत भरायच्या असतात म्हणून. या सगळ्या इमारतीत चेंबरचा नट ही एकच गोष्ट अशी आहे, जिच्यात कुणालाच काही मिळत नाही. म्हणून तो नव्या मुलाकडे जातो. आणि मुलगा नेहमीच नवीन असतो, कारण जुना झाला की तो स्वतःचं गॅरेज टाकतो.

यावर लगेच कुणीतरी म्हणणार, की आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवालाच बरा. हे अधिकृतवाले नुसते लुटतात. थांबा जरा.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची स्कूटर कोपऱ्यावरच जाते. बिनगिअरच्या स्कूटरला खाली दोन नट असतात. एक इंजिन ऑइलचा, दुसरा मागच्या चाकाजवळच्या गिअर ऑइलचा. गिअर ऑइल जेमतेम शंभर-सव्वाशे मिली, चहाचा कप भरेल एवढं. कोपऱ्यावरच्या भाऊंनी घाईत दुसरा नट उघडला, थोडंसंच आलं तरी त्यांना काही वाटलं नाही, 'काकू, तुमच्या इंजिनाने ऑइल खाल्लंय' असं निदानही केलं, आणि वरून नवी बाटली इंजिनात रिकामी केली. इंजिनात दुप्पट, गिअरमध्ये शून्य. काकू मंडईपर्यंत गेल्या. मागून असा धूर निघत होता, की डासांच्या फवारणीची गाडी आली समजून लोकांनी नाकाला रुमाल लावले. परतताना मागच्या चाकातून रडण्याचा आवाज यायला लागला.

याच भाऊंकडे आटे गेलेल्या नटाला प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवतात, आणि त्यानेही भागलं नाही तर वरून एम-सील. पुढच्या खेपेला ऑइल काढायचं कसं, हा प्रश्न पुढच्या खेपेचा. याच भाऊंनी एका कारचं उरलेलं ऑइल एका मोटरसायकलमध्ये 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ओतलं होतं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून तिच्या ऑइलवर जासो एमए असं वेगळं प्रमाण छापलेलं असतं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करायची द्रव्यं असतात, क्लचला तर घर्षणच हवं. गडी रेस देत राहिला, इंजिन ओरडत राहिलं, गाडी जागची हलेना.

फरक एवढाच, की काकूंनी भाऊंना गाठून चारचौघांत फैलावर घेतलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "काकू, चुकलं माझं," आणि गिअर उघडून बेअरिंग स्वतःच्या खर्चाने बदललं. तोंडावर 'चुकलं' म्हणायला त्यांना हेड ऑफिसची परवानगी लागली नाही. माझ्या मॅनेजरने 'चुकलं' हा शब्द उच्चारला नाही. तो म्हणाला, "कन्सर्न ॲड्रेस केलाय, सर."

ॲड्रेस केल्यावर नवं बिल निघालं. शून्य रुपयांचं. त्यावर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं : 'ऑइल लीकेज, ग्राहकाच्या सांगण्यानुसार'. दुरुस्तीच्या रकान्यात : 'चेक करून दिलं'. सवलतीच्या रकान्यात : 'गुडविल'. म्हणजे गळत होतं असं मी म्हणतो, त्यांनी ते बघितलं, आणि निव्वळ मनाच्या मोठेपणाने पैसे घेतले नाहीत. वायसरचा उल्लेख नाही. लीटरभर जादा ऑइलचा नाही. उद्या इंजिन बसलं, तर कागदोपत्री या गाडीला कधी काही झालेलंच नाही. मी तो कागद परत दिला आणि 'ऑइल मापापेक्षा जास्त भरलेलं आढळलं, चेंबरच्या नटाचा वायसर बदलला' असं लिहून सही-शिक्का द्या म्हटलं. इथे मात्र सिस्टिम डाऊन झाली. ती परत वर येईपर्यंत मी कॉफी प्यायलो. शेवटी लिहून मिळालं. पेनाने, तिरकं, आणि सहीखाली नाव नसलेलं, पण मिळालं.

लिहून घेतलं ते उगाच नाही. ग्राहक चळवळीची मुळं आमच्याच गावात आहेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत पुण्यातच उभी केली. आता २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, जिल्हा आयोग आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत घटनेपासून २ वर्षांची. निकाल शक्यतो ३ महिन्यांत द्यावा, वस्तूची तपासणी करायची असेल तर ५ महिन्यांत, असं कायदा म्हणतो. 'शक्यतो' हा शब्द तिथे बरीच वर्षं आरामात राहतोय.

खरी गोम पुराव्याची आहे. नट सैल होता हे सिद्ध करायचं तर नट सैल ठेवून गाडी दाखवायला हवी. सैल ठेवला तर इंजिन मरतं. आवळला तर पुरावा मरतो. आणि जवळच्या ओळखीच्या फिटरकडून आवळून घेतला, तर सर्व्हिस सेंटर विजयी मुद्रेने म्हणतं, "सर, बाहेर हात लागलाय." त्या क्षणापासून गाडीचं जे काही झालं असेल, ते त्या हाताने केलेलं असतं. म्हणून डाग दिसला की पुसू नका, बायकोला पुसू देऊ नका, सेक्रेटरीकाकांना तर फरशीजवळ फिरकू देऊ नका. गाडी सुरू करू नका. डागाचा, नटाचा, काडीचा, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा, आणि फोनवर भांडण्याआधी ईमेल टाका. फोनवर ते 'हो सर' म्हणतात. ईमेलला 'हो' म्हणायला ते फार घाबरतात. आणि पुढच्या खेपेला गाडी ताब्यात घेताना बिलाआधी काडी बघा. तिथेच, त्यांच्यासमोर, त्यांच्याच फडक्याने. शेजारच्या गाड्यांचे मालक तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील. मग हळूच आपापलं बॉनेट उघडतील.

माझ्या गाडीतून निघालेलं जुनं काळं ऑइल कुठे गेलं, हेही मी जाता जाता विचारून घेतलं. ते घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत पुनर्वापरवाल्याकडेच द्यावं लागतं. मॅनेजरने रजिस्टर दाखवलं. लिटर, तारीख, सही, सगळं जिथल्या तिथे. काढलेल्या ऑइलचा हिशेब थेंबाथेंबाचा होता. भरलेल्याचा विचारू नका.

दोन दिवसांनी समाधानाचा फोन आला. त्याआधी ॲडव्हायझरचा आला होता. "सर, कंपनीतून कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचे कापतात." नऊ म्हणजे नापास, असं गुणांचं कोष्टक बोर्डालाही कधी सुचलं नाही. कंपनीतल्या बाईंनी विचारलं, स्वागत कसं होतं? छान. बसायची जागा? छान. गाडी वेळेवर मिळाली? मिळाली. धुऊन मिळाली? मिळाली. ऑइलबद्दल, नटाबद्दल, गळतीबद्दल प्रश्नच नव्हता. मी आपणहून सांगायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "सर, ते 'इतर' मध्ये नोंदवते." पहिल्या भेटीला एकूण गुण पडले ते बरेच चांगले. मीच दिले होते, एकेका प्रश्नाचं खरं उत्तर देत.

एवढं झाल्यावर गाडी दुसरीकडे का टाकत नाही, असं घरच्यांनी विचारलं. टाकली असती. पण गाडी घेताना विस्तारित वॉरंटी घेतली आहे, आणि तिची अट अशी, की प्रत्येक सर्व्हिस अधिकृत केंद्रातच झाली पाहिजे. एक जरी बाहेर झाली तर इंजिनाचं काही झाल्यास कंपनी बघणार नाही. म्हणून रात्री वॉरंटीची पुस्तिका काढून, चष्मा लावून, शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर वाचला. ऑइल कमी-जास्त राहिल्याने इंजिनाचं झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. ऑइलची पातळी नियमित तपासण्याची जबाबदारी गाडीमालकाची.